वणव्यानंतरची नाल्याकाठची वाट

तिरोडा तालुक्यात लहानाचा मोठा झालेल्या मनुष्यास वणवा ही ऐकीव गोष्ट नव्हे. फाल्गुन सरत येतो, साग, ऐन, धावडा आपली पाने भूमीवर टाकतात, आणि एखाद्या रात्री अंगणातील बाजेवर पडल्या पडल्या दूरच्या डोंगरावर एक तांबडी माळ हळूहळू सरकताना दिसते. लहान मुलांना ती शोभिवंत वाटते. दुसऱ्या दिवशी तेथे धूर दिसतो, तिसऱ्या दिवशी धूरही दिसत नाही, आणि आपण ती गोष्ट विसरून जातो. वणवा पेटला असता त्याविषयी सर्व बोलतात. तो विझल्यानंतर त्या जागी काय उरले व पुढे काय झाले, हे पाहण्यास मात्र क्वचितच कोणी जातो. गेल्या वर्षी शाळेतील काही विद्यार्थ्यांसह आम्ही ते पाहण्यास दोनदा गेलो. एकदा एप्रिलच्या अखेरीस व पुन्हा जुलैत. जे दिसले व त्यावरून जे शिकावयास मिळाले, ते येथे सांगण्याचा हेतू आहे.

वाट कोणती

आपल्या तालुक्याचा वैनगंगेकडील भाग सपाट व धानाच्या बांध्यांचा आहे. दक्षिणेकडे जावे तसतसे डोंगर लागतात, आणि चोरखमारा, बोदलकसा या तलावांच्या परिसरात दाट अरण्य सुरू होते. हेच अरण्य पुढे नागझिऱ्यास मिळते. नागझिरा हे १९७० साली अभयारण्य झाले, व २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाची स्थापना झाली. व्याघ्रप्रकल्पात मनास येईल तसे पायी हिंडण्यास मनाई असते. सबब आम्ही निवडलेली वाट त्याच्या हद्दीबाहेरची होती, आणि तिच्यावरही वनरक्षकांची अनुमती घेऊन व त्यांना सोबत घेऊनच आम्ही गेलो.

ही वाट एका नाल्याच्या काठाने जाते. गुराख्यांच्या व मोहफुले वेचणाऱ्यांच्या पायांनी ती पडलेली आहे. नाल्यास उन्हाळ्यात वाहते पाणी नसते. तथापि ठिकठिकाणी डोह राहतात, आणि काठावर अर्जुन, जांभूळ व करंज यांची हिरवी रांग उभी असते. वणवा या नाल्याच्या एकाच तीरावर लागला होता. दुसरे तीर सुरक्षित राहिले होते. त्यामुळे एका बाजूस जळलेले रान व दुसऱ्या बाजूस न जळलेले रान, अशी निसर्गानेच मांडून ठेवलेली तुलना आम्हास पाहावयास मिळाली.

पहिली भेट

एप्रिलच्या अखेरीस सकाळी सात वाजता आम्ही वाटेस लागलो. आग विझून सुमारे तीन आठवडे झाले होते. जळलेल्या तीरावर पाऊल ठेवताच प्रथम जाणवली ती शांतता. न जळलेल्या बाजूस पाचोळ्यावर पाऊल पडले की आवाज होई, सरडा सळसळत पळे; या बाजूस पाऊल पडल्याचा आवाजच होत नसे. जमीन काळी होती, आणि त्या काळ्या जमिनीवर मधूनमधून पांढऱ्या राखेच्या लांबच लांब रेघा होत्या. त्या रेघा कसल्या, असे मुलांनी विचारले. वनरक्षकांनी सांगितले की, जेथे वाळलेले ओंडके पडले होते, तेथे ते समूळ जळून गेले व त्यांची राख तशीच आकाराने पडून राहिली. गोगलगाईंचे शंख भाजून चुन्यासारखे पांढरे झाले होते व बोटाने दाबताच त्यांचा चुरा होत होता.

मुलांना सर्वांत अधिक आश्चर्य वाटले ते एका गोष्टीचे: मोठी झाडे उभी होती. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी जाड व भेगाळलेली असते. ती बाहेरून काळी झाली होती, परंतु चाकूच्या टोकाने किंचित खरवडताच आत ओलसर लाली दिसली. एका विद्यार्थ्याने समाधानाने म्हटले, "म्हणजे फारसे नुकसान झाले नाही." आम्ही त्यास उत्तर दिले नाही, गुडघे टेकून जमिनीकडे पाहण्यास सांगितले. नंतर नाला ओलांडून दुसऱ्या तीरावरही तसेच पाहण्यास सांगितले. तेथे पाचोळा बाजूस सारताच बोटभर, वीतभर उंचीची कितीतरी रोपे दिसली. ऐनाची, बिजाची, चाराची, तेंदूची. जळलेल्या तीरावर त्यांच्या जागी काळ्या काड्या होत्या. कित्येक ठिकाणी त्याही नव्हत्या.

येथे या अभ्यासातील मुख्य मुद्दा आहे. आपल्याकडील वणवा बहुधा भूमीवरून चालतो. तो पाचोळा, गवत व झुडपे खातो, आणि मोठ्या वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून दुरून पाहणारास रान जसेच्या तसे दिसते. परंतु ज्या घरात वडील माणसे जिवंत आहेत आणि मुले एकही उरली नाहीत, त्या घरास सुरक्षित कोण म्हणेल? वणव्याची हानी उभ्या झाडांवरून मोजू नये. ती रोपांवरून मोजावी.

आग कशी चालते

अग्नीस तीन गोष्टी लागतात: जळण, उष्णता व प्राणवायू. यांपैकी एक काढून घेतली की तो विझतो. नाल्याकाठी त्यास जळण मिळाले, परंतु ते ओलसर होते. त्यातील पाणी आटविण्यातच त्याची उष्णता खर्ची पडली, आणि अर्जुनाच्या सावलीत तो आपोआप थांबला. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, म्हणजे ठराविक रुंदीचे पट्टे आखून त्यांतील गवत व पाला काढून किंवा देखरेखीखाली जाळून टाकते, तेही याच तत्त्वावर. आग तेथपर्यंत येते आणि पुढे जळण नसल्यामुळे थांबते. नाला ही निसर्गाने काढलेली जाळरेषाच होय. वन्य पशूही वणव्याच्या वेळी अशाच ओल्या जागांचा आश्रय घेतात.

चढावर आग फार वेगाने जाते, हेही ध्यानात ठेवावे. ज्वाळा वरच्या बाजूस झुकतात व पुढचे जळण आधीच तापवून ठेवतात. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून पेटलेल्या डोंगराच्या वरच्या अंगास कधीही उभे राहू नये. वाऱ्याचा तर भरवसाच नाही. नागझिरा अभयारण्यात ८ एप्रिल २०२१ रोजी लागलेला वणवा विझविण्यासाठी अनेक वनकर्मचारी व मजूर दिवसभर झटत होते. सायंकाळी आग आटोक्यात येत असता वारा सुटला, ती पुन्हा भडकली, आणि तिच्या वेढ्यात सापडून तीन मजुरांना प्राण गमवावे लागले. आणखी दोघे गंभीर भाजले. ही माणसे दूरची नव्हती. आपल्याच परिसरातील, आपल्यासारख्याच घरांतील, उन्हाळ्यापुरत्या मजुरीवर गेलेली ती माणसे होती. आम्ही ज्या काळ्या भूमीवर उभे होतो तेथे वनरक्षकांनी ही हकीकत सांगितली, तेव्हा मुलांपैकी कोणी काही बोलले नाही.

आता पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह भूमीवरील उष्णता टिपतात, आणि देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून त्यांच्या आधारे आगीच्या सूचना पाठवीत आली आहे. वनरक्षकांच्या खिशातील फोनवर ही सूचना येते. परंतु सूचना आली तरी तेथपर्यंत पायीच जावे लागते, आणि हिरव्या फांदीने अगर पाला उडविणाऱ्या यंत्राने मनुष्यासच ती विझवावी लागते.

ती लावतो कोण

बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. वनशास्त्रज्ञांच्या मते असे क्वचितच घडत असेल; भारतातील बहुतेक सर्व वणवे मनुष्याच्या हातून लागतात. गुराख्यास कोवळे गवत हवे असते. तेंदूची पाने तोडणारास वाटते की, आग लागली म्हणजे नवी पालवी भरघोस येते. कोणी विडी ओढून थोटूक टाकतो. आणि मोहफुले वेचणारा झाडाखालचा पाला जाळतो. कारण फुले पहाटे गळतात आणि पाचोळ्यात पडलेली फुले हातास लागत नाहीत. आग झाडाखालीच राहील, असे त्यास वाटते. तो फुले घेऊन घरी येतो, आणि दुपारी वारा सुटतो.

हे सांगत असता आमच्यापैकी एक मुलगा खाली मान घालून उभा होता. काही वेळाने तो म्हणाला, "गुरुजी, आमची आजीसुद्धा पाला जाळते." हा आरोप नव्हता व कबुलीही नव्हती, त्यास जे ठाऊक होते ते त्याने सांगितले. आम्हास त्याचा अभिमान वाटला. मोहाचे चार पैसे ज्या घरात उन्हाळ्याच्या तोंडी मिठामिरचीस व मुलांच्या वह्यापुस्तकांस उपयोगी पडतात, त्या घरातील वृद्ध स्त्रीस गुन्हेगार म्हणणे सोपे आहे, परंतु न्यायाचे नाही. कायदा आहे व तो जाणला पाहिजे: राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने, आणि अभयारण्यात आग लावणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दंडनीय आहे. तथापि कायद्याने झाडाखालचा पाला झाडून निघत नाही.

दुसरी भेट

जुलैत चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. जळलेले तीर आता हिरवे होते, इतके हिरवे की ओळखू येईना. पळसाच्या जळक्या खोडातून हातभर लांबीचे नवे फुटवे आले होते. सागाच्या बुडख्यातून ताटाएवढ्या पानांचे कोंब उभे होते. धावड्याच्या मुळांतून नवी रोपे वर आली होती. रानहळदीसारख्या कंदवर्गीय वनस्पतींनी माना वर काढल्या होत्या. याचे कारण असे की, माती उष्णतेची वाईट वाहक आहे. पृष्ठभागी पाचोळा जळत असता चार-सहा बोटे खाली फारसा ताप पोहोचत नाही, आणि तेथे मुळे, कंद, मुंग्यांची वारुळे व पुष्कळशी बीजे सुखरूप राहतात.

पवित्र शास्त्रातील मोशेची कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. होरेब डोंगराशी त्याने एक झुडूप पाहिले, जे पेटलेले होते परंतु जळून नाहीसे होत नव्हते. एका विद्यार्थिनीने पळसाचे फुटवे पाहून त्या कथेची आठवण काढली. आठवण सुंदर होती. पण तेथे देवाचे आश्चर्यकर्म होते, आणि येथे पळसाने आपल्या मुळात साठविलेल्या अन्नाची गंगाजळी खर्च केली होती. पुढल्या वर्षी पुन्हा वणवा आला, तर त्यास पुन्हा तीच गंगाजळी मोडावी लागेल. तिसऱ्या वर्षीही तसेच झाले, तर एखादे वर्ष असे येते की ठेव संपलेली असते. ज्यांच्या मुळांत अशी ठेव नसते ती कोवळी रोपे तर पहिल्याच वर्षी जातात. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत रायमुनिया, म्हणजेच घाणेरी, सर्वांच्या आधी शिरते. ती जनावरे सहसा खात नाहीत, आणि तिच्या दाट झुडपांखाली दुसरे रोप वाढू शकत नाही. आमच्या वाटेवर ती जागोजाग फुटलेली दिसली.

काही जण म्हणतात की आग अरण्यास हितकारक असते. यात सत्याचा अंश आहे. सागाचे फळ कठीण असते व साध्या आगीने त्याचे रुजणे कधी कधी सुलभ होते. राखेत पालाश व चुना असतो आणि त्यावर गवत जोमाने वाढते. अमेरिकेतील यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात १९८८ साली प्रचंड वणवे लागले आणि उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्यांच्या फेऱ्यात आला. तरी तेथे पाइन वृक्षांची नवी पिढी उभी राहिली, कारण त्या वृक्षाची राळेने मिटलेली पुष्कळशी फळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात. परंतु तेथे असा महावणवा एकाच जागी येण्यास शंभर ते तीनशे वर्षे लागतात. आपल्याकडे तो एकाच डोंगरावर वर्षा-दोन वर्षांनी येतो. रोपास वृक्ष होण्याइतका अवधी मिळतो की नाही, यावर सर्व अवलंबून आहे.

नाल्याचे पाणी

दुसऱ्या भेटीत आम्ही एक साधा प्रयोग केला. नाल्यास दोन्ही बाजूंच्या उतारांवरून लहान लहान ओहोळ येऊन मिळत होते. आम्ही काचेच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एक जळलेल्या उतारावरील ओहोळात भरली व एक न जळलेल्या. दोन्ही शाळेत आणून खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बाटलीच्या तळाशी काळसर गाळाचा जाड थर बसला होता व वरचे पाणीही चहासारखे होते. दुसऱ्या बाटलीत गाळ इतका थोडा होता की तो दाखविण्यासाठी बाटली उजेडात धरावी लागली.

याचा अर्थ सरळ आहे. पाचोळा हे भूमीचे पांघरूण होय. पावसाचा थेंब पानावर आदळला तर फुटतो व सावकाश मुरतो. तोच उघड्या मातीवर आदळला तर मातीचे कण उडवितो व आपल्याबरोबर वाहून नेतो. काही वेळा जळलेल्या पाल्यातील मेणासारखे पदार्थ मातीत उतरून तिच्यावर असा थर तयार करतात की पाणी आत शिरत नाही, वरून धावते. राखेतील जे खत झाडांच्या उपयोगी पडावयाचे, तेही पहिल्या पावसातच नाल्यात जाते. आणि नत्र तर आधीच धुरावाटे निघून गेलेले असते.

आता हा गाळ जातो कोठे? तो नाल्यातून तलावात जातो. आपल्या भागातील धानाची शेती तलावांवर उभी आहे, हे पालकांस सांगावयास नको. तलावात गाळ साचला की त्यात पाणी कमी मावते. आणि डोंगरात पाणी मुरले नाही, तर ज्या झऱ्यांनी पाऊस थांबल्यावरही नाला वाहता राहावयाचा, ते लवकर आटतात. भाद्रपदात पावसाने ओढ दिली आणि लोंबीवर आलेल्या धानास एक पाणी कमी पडले, तर आपण आकाशाकडे पाहतो. क्वचित डोंगराकडेही पाहावे. तलावातून निसटलेला गाळ वैनगंगेत जातो, तेथून प्राणहितेत, तेथून गोदावरीत. मग तो परत मिळावयाचा नाही. एक वीत सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

दोन सकाळींचा प्रश्न

ज्या मुलाने आजीची गोष्ट सांगितली होती, त्याने आम्ही पाहिलेले सर्व घरी जाऊन तिला सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले व विचारले की, पाला जाळण्यास एक काडी पुरते, झाडण्यास दोन सकाळी जातात. त्या दोन सकाळी मला कोण देणार? हा प्रश्न त्याने वर्गात येऊन आम्हास विचारला. उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्यावर झेलण्याचे प्रयोग मध्य भारतात झाले आहेत. त्याने फुले स्वच्छ राहतात व त्यांस भावही बरा येऊ शकतो. तेंदूच्या बाबतीतही झुडपे उन्हाळ्यापूर्वी छाटली असता, न जाळताच चांगली पालवी मिळते. परंतु जाळीस पैसे लागतात, छाटणीस मजुरी लागते, आणि आजीचा प्रश्न मजुरीचाच होता.

यंदा फाल्गुनात चार विद्यार्थी एका शनिवारी व रविवारी सकाळी त्या आजीबरोबर गेले आणि तिच्या तीन झाडांखालचा पाला खराट्यांनी झाडून त्यांनी एका खड्ड्यात भरला. तो कुजून पावसाळ्यापर्यंत खत होईल. आजीने त्यांना भाकरी व चटणी खाऊ घातली, आणि शेजारणीसही बोलावून स्वच्छ जागा दाखविली. शेजारणीने पाहिले, आणि आपली झाडे सात आहेत असे सांगितले. त्या सात झाडांचे काय करावे, हे आम्ही अजून ठरविलेले नाही. पालकांपैकी कोणास काही सुचत असेल तर त्यांनी अवश्य कळवावे.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

१. आपल्या गावाजवळ जेथे पाचोळा आहे व जेथे तो नाही, अशा दोन जागी एक-एक हात लांबीरुंदीचा चौकोन आखावा. त्यातील रोपे, किडे व मुंग्या मोजून वहीत लिहाव्या. हीच नोंद पावसाळ्यानंतर पुन्हा करावी.

२. वर सांगितलेला दोन बाटल्यांचा प्रयोग आपल्या शेताच्या बांधावर करावा. गवत असलेल्या व नसलेल्या बांधावरून येणारे पाणी तपासावे.

३. घरातील वडील माणसांस विचारावे की, त्यांच्या लहानपणी जवळचा नाला कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, आणि आता कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो.

४. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा मानते. या काळात रानात धूर दिसल्यास स्वतः विझविण्यास धावू नये. प्रथम वडील माणसांस व वनरक्षकांस कळवावे, आणि आपण उताराच्या खालच्या बाजूस, पाण्याजवळ अगर मोकळ्या जागी थांबावे.